एक फौज, अनेक झेंडे : दख्खनच्या लढायांसाठी मिनिएचर सैन्य कसं उभारावं?

धागाकर्ता : बारगीर

नमस्कार मंडळी,

लहान शिपाई रंगवून टेबलावर लढाया खेळणं हा आपला छंद, आणि २८ मिमीचा (म्हणजे माणूस साधारण तेवढ्या उंचीचा) एक घोडेस्वार मनासारखा रंगवायचा तर अख्खी संध्याकाळ जाते. त्यामुळे पुढची फौज कोणाची उभारायची हा आपल्या छंदातला प्रश्न पैशाचा जेवढा, त्याहून जास्त वेळेचा आहे. युरोपातल्या लढाया खेळणाऱ्यांची पद्धत साधारण अशी असते की एक फौज पुरी करायची, मग तिच्या शत्रूची, मग तिसरी. आपल्यापैकी बरेच जण दख्खनसाठीही हेच करतात. मराठ्यांचा एक डबा, मोगलांचा दुसरा, आदिलशाहीचा तिसरा, निजामाचा चौथा. यात वेळ जातोच, पण मला वाटतं इतिहासही चुकतो. म्हणून हा धागा.

१६५९ साली अफजलखानाच्या फौजेत मराठे सरदार होते, खुद्द भोसल्यांच्या भाऊबंदांपैकी मंबाजी भोसले होते. जून १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी शिवाजी महाराज आणि नेताजी पालकर मिर्झाराजांच्या बाजूनं विजापूरवर चालून गेले. म्हणजे सहा महिन्यांपूर्वी जे स्वार मोगलांशी लढत होते तेच मोगली छावणीच्या शेजारी उतरले. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत निजामाकडे चंद्रसेन जाधव. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगावला तर पेशव्यांच्याच घरातले दोघे समोरासमोर, एकीकडे माधवराव आणि दुसरीकडे निजामाची मदत घेतलेले राघोबादादा. पुढच्या वर्षी राक्षसभुवनच्या मोहिमेत नागपूरकर जानोजी भोसले आधी निजामाकडे आणि ऐन वेळी पेशव्यांकडे. इब्राहिमखान गारदी फ्रेंच पद्धतीची कवायत शिकला, निजामाकडे चाकरीला होता आणि पानिपतावर भाऊसाहेबांसाठी शेवटपर्यंत लढला.

या माणसांनी धनी बदलला तेव्हा अंगावरचे कपडे बदलले का? बदलले नाहीत, कारण कपडे त्यांचे स्वतःचेच होते. शिलेदार घोडा आणि हत्यार घरून आणायचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, पण अंगरखा आणि पागोटं त्याचं त्याचंच. गणवेश ही गोष्ट आपल्याकडे युरोपी कवायतीच्या पलटणींबरोबर आली. त्याआधीच्या लढायांत शिपाई कोणाचा हे झेंड्यावरून, सरदारावरून आणि कुठल्या गोटातून बाहेर पडला यावरून कळायचं.

टेबलावरही मी तसंच करायला लागलो आहे. फौजेचे दोन भाग पाडायचे. एक गाभा, तो पक्का. हलके स्वार, तोडेदार (पेटत्या वातीनं उडवायच्या) बंदुकवाले, ढाल-तलवारीचं पायदळ, बैलांनी ओढायच्या तोफा, बाजारबुणगे, तंबू. हे रंगवताना मनात कुठलंच राज्य आणायचं नाही. फक्त तो कसा जगतो, कसा लढतो, कुठल्या मुलखातला आहे एवढंच पाहायचं. दुसरा भाग ओळखीचा, तो सुटा आणि बदलता. झेंडे, सेनापती आणि त्याचे सोबती, अंबारीतला राजपुरुष, नगारखाना. गाभ्यापेक्षा हा भाग खूप लहान असतो, पण टेबलावरची फौज कोणाची ते तोच सांगतो. म्हणून वेळ आणि चांगला रंग त्यावर भरपूर खर्चावा.

झेंड्यांसाठी मी पितळी नळी वापरतो. निशाणदाराच्या मुठीत नळीचा छोटा तुकडा कायमचा चिकटवायचा, काठी म्हणून त्यात घट्ट बसेल अशी तार घ्यायची आणि कागदी झेंडा त्या तारेला लावायचा. भगवा काढला, निजामाचा पिवळा खोचला, फौज बदलली. जरीपटका मात्र वेगळा ठेवा. तो सरसकट प्रत्येक तुकडीला नको, तो पेशव्यांनी मानानं दिलेला असायचा. एका टेबलावर एकच असला तर त्याचा मान राहतो.

सेनापतींचे बेस (शिपाई ज्यावर चिकटवतो त्या चपट्या पट्ट्या) गोल आणि मोठे, बाकी सगळे चौकोनी. बेसवरची माती सगळीकडे एकच, काळसर तपकिरी, वर वाळक्या गवताचे पुंजके. बेसच्या कडेला राज्याचा रंग लावायची सवय अनेकांना आहे, ती सोडा. कडेला भगवी पट्टी ओढली की तो स्वार कायमचा एकाच बाजूला बांधला गेला.

एक मर्यादा आधीच सांगतो. ही लवचीकता बाजूंच्या बाबतीत आहे, काळाच्या बाबतीत नाही. साधारण १६४० ते १७२० हा एक गाभा आणि १७५० ते १८०५ हा दुसरा. पहिल्यात तोडेदार बंदूक आणि मोगली-दख्खनी घाटाची पागोटी. दुसऱ्यात चकमकीची बंदूक, संगीन, पलटणी आणि वेगळ्या बांधणीच्या पगड्या. उशिराच्या काळातल्या पगड्या १६५९ च्या मावळ्याच्या डोक्यावर दिसल्या की मला खेळच करवत नाही.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. कवायती पलटणींचं काय करायचं, कारण त्यांना गणवेश आहे. वेगवेगळ्या नियमावल्यांसाठी बेस कसे सांभाळता? आणि हत्ती. हत्तीवर मी अडलो आहे.

---

कुंचला

फार आवडला धागा. रंगांबद्दल थोडं, कारण फौज कुठल्याही बाजूला शोभते की नाही हे शेवटी रंगांवर ठरतं.

बाजूप्रमाणे रंग ठरवणं सोडलं की लोक गोंधळतात आणि हाताला येईल ते लावतात. मी बाजारावरून रंग ठरवते. त्या काळी साध्या माणसाच्या अंगावर मुख्यतः सुती कापड, बहुतेक पांढरं किंवा न धुवटलेलं मळकट. रंगीत असेल तर निळीचा निळा, मंजिष्ठेचा विटकरी लाल, हळदी-पळसाचे पिवळे, लोखंडाच्या पाण्याचा काळा. मोगल छावणीतला शिपाई आणि मराठी छावणीतला शिपाई एकाच बाजारातलं कापड घेत होते. म्हणून मी दहा शिपायांत सहा-सात पांढऱ्या छटांचे ठेवते, पण प्रत्येक पांढरा वेगळा. एकात थोडा पिवळा, एकात राखाडी, एकात किंचित निळा. उरलेल्यांत वरचे रंग. फक्त कमरबंद आणि पागोटं उठावदार. अशी रांग तीन फुटांवरून जिवंत दिसते आणि कोणाच्याही बाजूला उभी करता येते.

२८ मिमीत एक बारकावा जपायला मजा येते. जाम्याचे बंद. मुसलमान उजव्या बगलेकडे बांधत आणि हिंदू डाव्या, असा त्या काळचा रिवाज होता आणि दरबारी चित्रांत तो दिसतो. हलक्या स्वारांची तुकडी दोन्हीकडे वापरायची असेल तर बंद मिसळून रंगवा. कुठल्याही एका फौजेत सगळे एकाच धर्माचे नव्हतेच, त्यामुळे मिसळलेली तुकडी दोन्हीकडे बरोबर ठरते.

बारगीर, घोड्यांबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत. मला ते माणसांपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

---

बारगीर

कुंचला, खरं आहे, घोडे राहिले.

भीमथडीचं तट्टू लहान, काटक, हाडं दिसणारं. अब्दालीचे स्वार मोठ्या तुर्की-खुरासानी घोड्यांवर. हा फरक टेबलावर डोळ्यांना लगेच कळतो. म्हणून गाभ्यातले घोडे लहान अंगाचे घ्या आणि खोगिराखाली साधी कापडी गादी ठेवा. पाखर (घोड्याचं चिलखत) घातलेला घोडा घेतलात तर तो मोगल मनसबदाराखाली किंवा आदिलशाही खानाखालीच शोभेल, मराठी हलक्या स्वारात ठेवता येणार नाही. चिलखती स्वारांचे दोन बेस पुरतात. मोगल मांडताना ते पुढच्या ओळीत येतात, मराठे मांडताना सेनापतीजवळचे हुजुरातीचे (खास त्याच्या दिमतीचे) स्वार म्हणून मागे.

---

नाशिकचा_तोफखाना

मी थोडा विरोधात आहे, बारगीर, आणि मनापासून लिहितो आहे.

टेबलापलीकडून पाहिलं तर मराठी फौज मराठी दिसली पाहिजे. तुम्ही सगळं सर्वसाधारण केलंत तर शेवटी कुठल्याच फौजेला चेहरा उरत नाही. कोकणातल्या हेटकऱ्यांची नेमबाजी नावाजलेली. त्यांची तुकडी वेगळी दिसायला नको? डोंगरातून उतरणारे मावळे आणि सपाटीवर लढणारे मोगली बंदुकवाले यांच्या उभं राहण्यातसुद्धा फरक आहे. कमरेला लंगोट-धोतर, अंगावर घोंगडं, पायात काही नाही, हा माणूस दिल्लीहून आलेल्या बादशाही पायदळात कसा चालेल?

शिवाय फिगरमधला शिपाई ज्या अवस्थेत उभा असतो तीच त्याची लढण्याची रीत सांगते. पळत, वाकून, दगडाआडून जाणारे शिपाई गनिमी काव्याचे. ते शिस्तीच्या रांगेत नाही बसत.

---

बारगीर

तोफखाना, तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि म्हणूनच माझी विभागणी लढण्याच्या रीतीनुसार आहे. मावळे आणि हेटकरी वेगळेच करायचे, ते मी सर्वसाधारण म्हणत नाही. पण मावळचे लोक फक्त एकाच झेंड्याखाली होते असंही नाही. जावळीचे मोरे आदिलशाहीचे. मावळातले कितीतरी देशमुख आधी विजापूरकरांना रुजू होते. त्यामुळे घोंगडीवाल्या डोंगरी पायदळाची तुकडी महाराजांकडे शोभते आणि तीच एखाद्या आदिलशाही देशमुखाची जमाव म्हणूनही शोभते. बादशाही पायदळात ती ठेवायची नाही, हे तुमचं अगदी बरोबर.

म्हणजे प्रत्येक तुकडीला विचारायचं, तू किती घरी पाहुणी जाऊ शकतेस? हलका स्वार चारही घरी. डोंगरी पायदळ दोन घरी. चिलखती मनसबदार दीड घरी. ज्या तुकडीला एकच घर आहे ती शेवटी रंगवायची.

---

यॉर्कवासी

सगळ्यांना नमस्कार. मी इंग्लंडमध्ये असतो. स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई झाली ते गाव इथून जवळच आहे. आमच्या क्लबात अकराव्या शतकाचे खेळ खूप होतात. तिथला अनुभव तुमच्या धाग्याला धरून आहे म्हणून सांगतो.

१०६६ साली २५ सप्टेंबरला हॅरोल्डनं स्टॅमफर्ड ब्रिजला नॉर्वेच्या राजाला हरवलं आणि १४ ऑक्टोबरला तो हेस्टिंग्जला नॉर्मनांकडून मारला गेला. तीन आठवड्यांत तीन फौजा. फ्रान्समधल्या बायोच्या प्रसिद्ध पडद्यावर भरतकामात हेस्टिंग्जची कथा आहे. ते नीट पाहिलं तर सॅक्सन हस्कार्ल (राजाचे निवडक पदरी शिपाई) आणि नॉर्मन सरदार यांचं चिलखत आणि नाकावर पट्टी असलेलं टोकदार शिरस्त्राण जवळजवळ सारखंच. फरक केसांत आहे. नॉर्मनांची मान मागून भादरलेली, सॅक्सनांना मिशा. २८ मिमीत शिरस्त्राणाखाली हे जेमतेम दिसतं! त्यामुळे आमच्याकडे चिलखती पायदळाचा एकच गट नॉर्वे, डेन्मार्क, इंग्लंड तिघांसाठी चालतो. डेन कुऱ्हाडवाले तर तिन्हीकडे हवेतच.

बदलायची गोष्ट म्हणजे ढाल. गोल ढाल घेतली तर फौज दहाव्या शतकाकडे झुकते, लांब पतंगाच्या आकाराची घेतली तर अकराव्या शतकाच्या शेवटाकडे. मी ढालींच्या मागे १ मिमी जाडीचे इवलेसे लोहचुंबक बसवतो आणि हातावर लोखंडी टाचणीचं डोकं. ढाली बदलून फौज पन्नास-साठ वर्षं पुढे जाते.

आणि बारगीर, तुमच्या गारद्यांसारखीच गोष्ट इथेही आहे. हेस्टिंग्जनंतर बरेच सॅक्सन देश सोडून कॉन्स्टँटिनोपलला गेले आणि बायझंटाइन सम्राटाच्या व्हॅरेंजियन रक्षकदलात भरती झाले. १०८१ साली डिरॅकियमला (आजच्या अल्बानियात) हेच दल पुन्हा नॉर्मनांच्या समोर उभं राहिलं, या वेळी दक्षिण इटलीतल्या. पुन्हा हरले. माझे हस्कार्ल मी बायझंटाइन झेंड्याखाली त्या लढाईसाठी मांडतो. एक फिगर न बदलता. पंधरा वर्षांनी, सुमारे अठराशे किलोमीटर दूर, तीच माणसं तोच शत्रू. अशी लढाई खेळताना अंगावर काटा येतो.

---

सुगरण_सांगली

वाचनखूण साठवली. माझा मुलगा या छंदात नवीन आहे, त्याला वाचून दाखवते आहे.

---

पलटण_नं_४

बारगीर, पलटणींचं मी सांगतो. हा माझा आवडता काळ.

१७८० नंतर महादजी शिंद्यांसाठी द बॉय या युरोपी अधिकाऱ्यानं जे कंपू (कवायती फौजेचे मोठे गट) उभारले त्यांतले तिलंगे (कवायती शिपाई) कंपनीच्या शिपायांच्या धर्तीवरच सजवलेले होते. लाल डगला, आडवे पट्टे, चकमकीची बंदूक, संगीन. २३ सप्टेंबर १८०३ ला असईला इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर शिंद्यांच्या पोलमनच्या हाताखाली जे उभे होते ते हेच, आणि सोबत बेगम समरूच्या पलटणी. लांबून पाहिलं तर दोन्ही बाजूंच्या रांगा सारख्या. म्हणजे गणवेश आला तरी तुमचा नियम मोडला नाही, उलट एकच लाल डगल्याची पलटण कंपनीकडे, शिंद्यांकडे आणि होळकरांकडे चालते. २५ ऑक्टोबर १८०२ ला हडपसरला यशवंतराव होळकर आणि शिंदे-पेशवे समोरासमोर आले तेव्हा दोन्हीकडे कवायती पलटणी होत्या. ही लढाई मांडायला दोन वेगळ्या फौजा लागतच नाहीत.

याच कंपूंतल्या नजीब पलटणींना देशी पोशाख होता, त्यामुळे ते कुठेही बसतात.

खर्ड्यासाठी (११ मार्च १७९५) निजामाकडे रेमाँ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या पलटणी लागतील आणि पेशव्यांच्या बाजूला शिंद्यांच्या. त्या लढाईत निजामाकडे बायकांची जफर पलटणही होती, कवायत शिकलेली, बंदुका घेतलेली. ती तुकडी मात्र कोणी केलेली मी पाहिलेली नाही. अशी तुकडी एकाच घरची, पण ती करावीच.

कुठे अडतं तेही सांगतो. टिपूचं कवायती पायदळ. त्यांच्या अंगरख्यावर वाघाच्या पट्ट्यांची नक्षी. ती रंगवली की तो शिपाई म्हैसूरचाच, दुसरीकडे कुठे जाणार नाही. म्हैसूरची फौज करायची तर स्वार, बाणदार (अग्निबाण सोडणारे) आणि तोफा गाभ्यातून घ्या, पट्टेवाल्या पायदळाच्या चारच तुकड्या स्वतंत्र करा.

अजून एक उदाहरण लक्षात ठेवा. १८०३ मध्ये दिल्लीच्या लढाईनंतर शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याच्याकडचे काही स्वार इंग्रज सेनापती लेककडे आले आणि जेम्स स्किनरनं त्यांचं नेतृत्व घेतलं. त्यांचाच पुढे पिवळ्या डगल्याचा रिसाला झाला. मी त्या स्वारांचे अंगरखे हळदीच्या छटेत रंगवले आहेत. हिंदुस्थानी स्वार म्हणून शिंद्यांकडे खपतात आणि पुढच्या लढाईत कंपनीकडे.

---

मोहिमेवर

नेपोलियनच्या युद्धांत हे जमत नाही असं लोक म्हणतात, ते निम्मंच खरं. कॉलर, बाहीचा काठ, टोपीवरचा बिल्ला सगळं ठरलेलं असतं हे मान्य. पण लांब ओव्हरकोट घातलेल्या फिगर घ्या. कोटाखाली सगळं झाकलं जातं, टोपीवर मेणकापडाचा गवसणा असला की बिल्लाही जातो. असे शिपाई फ्रान्सच्या बाजूच्या दोन-तीन जर्मन राज्यांसाठी बिनदिक्कत वापरता येतात. ग्रीकांचं तर विचारूच नका. इ.स.पू. ४०१ ला कुनाक्साला दहा हजार ग्रीक भाडोत्री इराणच्या राजपुत्रासाठी लढले आणि इ.स.पू. ३३३ ला इससला दारियसकडेही ग्रीक होते, अलेक्झांडरच्या विरोधात. हॉप्लाइटची (ढाल-भाल्याच्या ग्रीक पायदळाची) एक फौज रंगवलीत तर अर्धा भूमध्य समुद्र तुमचा. फक्त ढालीवर स्पार्टाचं लॅम्डा अक्षर काढू नका.

---

रायगड_दर्शन

मी फक्त वाचत होतो, पण राहवत नाही. महाराजांचे मावळे मोगलांच्या झेंड्याखाली मांडायचे ही कल्पना मनाला बोचते. १६६५ ला झालं ते नाइलाजानं झालं. मुलांसमोर आपण हे खेळतो. त्यांच्या मनात काय राहील याचा विचार व्हावा असं वाटतं.

---

बारगीर

रायगड_दर्शन, तुमची भावना समजते आणि तिचा मान राखूनच लिहितो.

मी मुलांबरोबर खेळतो तेव्हा पुरंदरापासून सुरुवात करतो. मुरारबाजी पडतात, तह होतो, तेवीस किल्ले जातात. मग तोच स्वारांचा गट मिर्झाराजांच्या ओळीत ठेवतो आणि विजापूरची चढाई खेळतो. मुलं विचारतात, आपली माणसं तिकडे का? तिथून बोलणं आपोआप आग्र्याकडे आणि १६७० मध्ये परत जिंकलेल्या किल्ल्यांकडे जातं. नेताजी मोगलांकडे गेले, मुहम्मद कुलीखान झाले, १६७६ ला परत आले आणि महाराजांनी त्यांना जवळ केलं. ज्यानं ही फौज दोन्हीकडे उभी केलेली पाहिली त्याला त्या परत घेण्याची किंमत कळते. महाराजांच्या कष्टांचं मोल यात कमी होत नाही, वाढतं, असा माझा ठाम विश्वास आहे.

तरीही खुद्द महाराजांची फिगर मी कधी मोगलांच्या ओळीत ठेवत नाही. तिचा बेस वेगळा आहे.

---

रायगड_दर्शन

पटलं. धन्यवाद. मुरारबाजीपासून सुरुवात ही गोष्ट चांगली आहे.

---

सांगलीचा_आर्यन (सुगरण_सांगली यांच्या खात्यावरून)

मी आठवीत आहे. माझ्याकडे २८ मिमीचे पैसे नाहीत. १/७२ चे प्लॅस्टिकचे शिपाई आहेत, मऊ प्लॅस्टिकचे. रंग लगेच निघतो. आणि दिवाळीच्या किल्ल्यावरची मातीची चित्रं चालतील का?

---

कुंचला

आर्यन, छान प्रश्न. मऊ प्लॅस्टिकवर साच्याचं तेल राहिलेलं असतं, म्हणून रंग सुटतो. आधी भांडी घासायच्या साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या दातांच्या ब्रशनं घासून धू, पूर्ण वाळू दे. मग सगळ्यावर फेविकॉल पाण्यात पातळ करून एक हात. तो वाळला की वर ॲक्रिलिक. शेवटी वार्निशचा हात विसरू नकोस. भाला, तलवार अशा वाकणाऱ्या जागी रंग पातळच ठेव.

किल्ल्यावरची चित्रं आकारानं मोठी आणि एकमेकांच्या मापात नसतात, शिपायांच्या रांगेत ती नको. पण हत्ती, बुरूज, तोफ, तुळशीवृंदावन यांतलं मापाला जुळणारं घे आणि छावणी कर.

---

पलटण_नं_४

बेसचं राहिलं. बारगीर, नियमावली बदलली की बेस उखडायचे, हे मी बंद केलं आहे.

एकेक शिपाई लोखंडी वायसरवर चिकटवतो. हार्डवेअरच्या दुकानात २० आणि २५ मिमीचे मिळतात, वजनाला चांगले, फिगर उलटत नाही. मग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाची) पाटी घेऊन तिच्यावर चुंबकी पत्रा चिकटवायचा. २८ मिमीसाठी ६० मिमी रुंदीची पाटी जुन्या नियमावल्यांपासून चालत आली आहे. तिच्यावर शिस्तीचं पायदळ चार, मोकळं पायदळ तीन, विखरून लढणारे दोन. स्वार तीन, हलके स्वार दोन. नियमावलीत एकेक शिपाई मोजायचा असेल तर पाटी काढली की काम झालं. १५ मिमीसाठी हीच मांडणी ४० मिमी रुंदीवर.

नाशिकच्या तोफखान्यांचा जो मुद्दा होता, उभं राहण्याच्या रीतीचा, तो इथे सुटतो. तेच तोडेदार बंदुकवाले पाटीवर चार दाटीनं ठेवले की बादशाही पायदळ, दोन ठेवून मध्ये खडक आणि झुडूप ठेवलं की डोंगरी नेमबाज. त्यासाठी खडकांचेही वायसर करून ठेवा.

---

नाशिकचा_तोफखाना

हे आवडलं. खडकाचा वायसर करतोच.

हत्तीबद्दल माझ्याकडे उत्तर आहे, कारण तोफा ओढायला मी हत्ती वापरले आहेत. हत्ती एकच, साधा, पाठीवर फक्त गादी. त्यावर चौकोनी चुंबक. मग वर बसवायच्या गोष्टी वेगळ्या. अंबारी, निशाणाचा चौथरा, नगारा, सामानाचा ढीग. पानिपतावर विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले असं सांगतात. म्हणून माझ्या अंबारीतला माणूसही सुटा आहे, तो उचलता येतो. झूल रंगवू नका, कापडी कागदाची करून वरून ठेवा. झूल बदलली की हत्ती निजामाचा.

उंटाचंही तसंच. जंबुरकाची छोटी तोफ खोगिरावर सुटी ठेवलीत तर तो अब्दालीचा जंबुरकवाला, काढलीत तर सांडणीस्वार, मराठ्यांकडे जासूद म्हणून.

---

बारगीर

झुलीची कल्पना डोक्यात आलीच नव्हती. उद्याच करतो.

भाडोत्री तुकड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून भर घालतो. नवीन माणसानं पहिले पैसे इथेच घालावेत. अरब. नागपूरकर भोसल्यांकडे, बडोद्याला गायकवाडांकडे, हैदराबादला निजामाकडे, सगळीकडे होते. नोव्हेंबर १८०३ मध्ये अडगावला इंग्रजांच्या हायलँडर पलटणींवर धावून गेले, १८१७ ला सीताबर्डीवर लढले. पठाण. विजापूरकडे, महाराजांकडे, आणि तीच तुकडी शंभर वर्षांनंतर बंदुका बदलून रोहिले म्हणून पानिपतावर गारद्यांच्या समोर. गोसावी. राख फासलेले, जटाधारी. पानिपतावर शुजाउद्दौल्याकडे अनुपगीर गोसाव्याच्या हाताखाली, पुढे महादजींकडे, शेवटी इंग्रजांकडे. गोसाव्याला काळाचीही अडचण नाही. राख फासलेला माणूस सतराव्या शतकात आणि एकोणिसाव्या शतकात सारखाच दिसतो.

आणि एक डाव सुचवतो, पुढच्या रविवारी पुण्यात मांडायचा विचार आहे. राक्षसभुवन, १० ऑगस्ट १७६३. गोदावरीला पाणी, निजामअली काही फौजेसह पलीकडे उतरलेला, दिवाण विठ्ठल सुंदर मागच्या फौजेसह अलीकडे अडकलेला. माधवराव आणि राघोबादादा एकत्र चालून येतात. जानोजीची तुकडी सुरुवातीला निजामाच्या ओळीत उभी करायची आणि दुसऱ्या फेरीपासून प्रत्येक फेरीला फासा टाकायचा. पाच किंवा सहा आला की खेळाडूनं उठून तिचा पिवळा झेंडा काढायचा आणि भगवा खोचायचा. इतिहासात जानोजी लढाईआधीच फुटला होता, इथे दोन्ही बाजूंना धाकधूक राहावी म्हणून मी तो लढाईत आणला आहे.

---

यॉर्कवासी

फासा जानोजीचा खेळाडू टाकतो की निजामाचा? आमच्याकडे फितुरीचे डाव होतात तेव्हा फासा फुटणाऱ्याच्या हाती देतात आणि तो झाकून टाकतात. आकडा त्यालाच ठाऊक. पाच-सहा आला तरी त्या फेरीत बदलायचं की थांबायचं हे तो ठरवतो. समोरच्याला प्रत्येक फेरीला त्याच्याकडे पाठ करायची की नाही हा विचार करावा लागतो.

---

बारगीर

झाकूनच टाकू. आणि तिसऱ्या फेरीपर्यंत जानोजीच्या पाठीमागे निजामाच्या खेळाडूनं एक तरी तुकडी राखीव ठेवायला हवी असा नियम घालतो. आर्यन, आईला विचारून ये, जानोजी तुझा.

---

सुगरण_सांगली

घेऊन येते. तो विचारतो आहे, २८ मिमीच्या निशाणदारासाठी झेंडा केवढा हवा आणि कागद कुठला?

---

कुंचला

काठी ६० मिमीच्या आसपास, झेंडा २५ बाय ३० मिमी. भगवा दुशेपटी कापायचा असेल तर लांबी ३५ धर. कागद साधा प्रिंटरचाच, जाड नको. दोन्ही बाजू एकत्र छापून मध्ये घडी घालायची, आतून पातळ फेविकॉल, आणि ओला असतानाच बोटांनी लाटा द्यायच्या. वाळल्यावर कडा झेंड्याच्याच रंगानं रंगव, नाहीतर कागदाची पांढरी रेघ दिसते. आणि तारेचं खालचं टोक ८ मिमी तरी मोकळं सोड, नळीत तेवढं गेलं नाही तर झेंडा डावात गळून पडेल.